दगडातील उशी आणि पडद्यावरील गादी
संगणकीय शिल्पनातून मऊ वस्तूंची घडण : एक पाठ

सौंसर तालुक्यातील जामसांवली येथे मारुतीची मूर्ती उभी नाही. ती पहुडलेली आहे. पिंपळाच्या छायेत विसावलेल्या या मूर्तीच्या दर्शनासाठी नागपूर-छिंदवाडा मार्गाने येणाऱ्या भाविकांचा ओघ बाराही महिने चालू असतो. उभ्या व बैठ्या मूर्तींच्या मानाने निजलेल्या मूर्ती थोड्याच आढळतात. अशी मूर्ती घडविणाऱ्या कलावंतापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. निजलेल्या देहाखाली काही अंथरलेले दाखवावयाचे असेल, तर ते मऊ दिसावे कसे? हाती दगड, आणि त्यातून कापसाचा भास निर्माण करावयाचा!

या प्रश्नाला आपल्याकडील शिल्पकारांनी फार पूर्वीच हात घातला होता. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प आहे. त्यातील मस्तक उशीवर टेकलेले आहे. श्रीलंकेतील पोलोन्नरुवा येथे बाराव्या शतकात कोरलेली सुमारे १४ मीटर लांबीची निजलेली बुद्धमूर्ती आहे. तेथे लोडासारख्या गोल उशीला डोक्याच्या भाराने पडलेला खळगादेखील शिल्पकाराने दाखविला आहे. युरोपातील उदाहरण याहून बोलके आहे. इटालियन शिल्पकार बर्निनी याने १६२० साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, एका प्राचीन निद्रिस्त मूर्तीखाली संगमरवराची गादी घडवून ठेवली. ही मूर्ती आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. गादीला टाके घातलेले, टाक्यांजवळ खळगे पडलेले, मधला भाग फुगून आलेला, अशी ती पाहून बोटाने दाबून पाहण्याचा मोह पाहणाऱ्याला होतो. मूर्तीपेक्षा गादीचीच वाखाणणी अधिक व्हावी, असा हा प्रकार आहे.

बर्निनीने जे छिन्नीने केले, तेच आज संगणकाच्या पडद्यावर करावे लागते. या कामाला संगणकीय शिल्पन म्हणतात. पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा एक आकार असतो आणि माऊसने अथवा विद्युत-लेखणीने तो दाबता, ओढता, फुगविता, चिमटता येतो. चित्रपट, खेळ, घरांचे आराखडे यांत तर याचा उपयोग होतोच. पण लाकूडसामान आणि गाद्या-उशा यांच्या व्यापारात त्याला मोठे स्थान मिळाले आहे. स्वीडनमध्ये उदय पावलेल्या ‘आयकिया’ या कंपनीने २००६ साली आपल्या सूचिपत्रात एका खुर्चीचे संपूर्णतः संगणकावर तयार केलेले चित्र प्रथम छापले. २०१४ च्या सुमारास कंपनीच्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रे याच पद्धतीने होऊ लागली होती. म्हणजे ग्राहक ज्या उशीकडे पाहून ती विकत घेण्याचे ठरवितो, ती उशी पुष्कळदा कोणी शिवलेलीच नसते.

कारागिरीचे हे क्षेत्र आता आपल्या तालुक्याच्या गावांपासून दूर राहिलेले नाही. या कामासाठी ‘झेडब्रश’ हे १९९९ पासून प्रसिद्ध असलेले सॉफ्टवेअर आहे. परंतु ते विकत घ्यावे लागते. शाळांच्या दृष्टीने ‘ब्लेंडर’ हे अधिक सोयीचे, कारण ते विनामूल्य आहे. ते मूळचे नेदरलँड्समधील. २००२ साली त्याच्या चाहत्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी गोळा करून त्याचे हक्क सोडविले आणि ते सर्वांसाठी खुले केले. गणेशोत्सवाच्या वर्गणीची सवय असलेल्या आपल्या लोकांना या घटनेचे मर्म सांगावयास नको.

कापूस, खोळ आणि भार

नवशिक्या विद्यार्थ्याने पडद्यावर केलेली उशी बहुधा साबणाच्या वडीसारखी दिसते. कडा गोलसर केलेली पेटी, वर इकडेतिकडे ओढलेल्या चार सुरकुत्या, आणि लाल रंग. सुरकुत्या आहेत, पण त्या तेथेच का आहेत, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. चूक हाताची नसून ओळखीची असते. उशी कशी तयार होते, हे त्याने पाहिलेले नसते.

वास्तविक पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांइतकाच कापसाचा मुलूख. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. येथील मुलाने वेचणी पाहिलेली असते, सरकी पाहिलेली असते. परंतु पिंजाऱ्याचे काम त्याच्या नजरेआड होत चालले आहे. खांद्यावर कमान घेऊन, तातीचा टणत्कार करीत गल्लीतून फिरणारा पिंजारी आता क्वचितच दिसतो. त्याची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्राने घेतली आहे. तरीही गादी भरण्याचे, टाचण्याचे काम हातानेच होते, आणि संगणकावर शिकणाऱ्याने पाहावयाचे ते नेमके हेच.

गादीवर तीन शक्तींची ओढाताण चाललेली असते. आतला कापूस बाहेर रेटीत असतो. खोळ, तिची शिवण आणि टाके त्याला आत खेचीत असतात. आणि वरचा भार, मग तो माणसाचा असो वा गादीचा स्वतःचा, खाली दाबीत असतो. गादीवरील प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा आणि प्रत्येक सुरकुती या तिघांपैकी कोणत्या तरी शक्तीची खूण असते. गादीवाला दाभणाने जाड दोरा आरपार काढून टाका आवळतो. तेथे खळगा पडतो आणि त्याच्या भोवती किरणांसारख्या चुण्या पसरतात. दोन टाक्यांच्या मध्ये कापूस वर येतो. बर्निनीची गादी खरी वाटते ती याचमुळे. त्याने सुरकुत्या सजावटीसाठी कोरल्या नाहीत. टाका कोठे आहे ते आधी ठरविले आणि बाकीचे त्यावरून काढले.

भरावाचा प्रकार बदलला की रूपही बदलते. नवा पिंजलेला कापूस खोळ तट्ट फुगवतो. वर्षा-दोन वर्षांनी तोच कापूस दबतो, त्याचे गोळे होतात, मधोमध झोळ पडतो. सावरीच्या कापसाची उशी हलकी असते, आणि दाबली की डोक्याच्या आकाराने खोल खचते. फोमची गादी मात्र दाब काढताच पूर्ववत होते. तिच्या कडा सरळ असतात आणि तिच्यावर खोल चुण्या पडत नाहीत. गोधडीचे तंत्र तर निराळेच. तिच्यात कापूस नसून जुन्या लुगड्यांचे थर असतात, आणि धावदोऱ्याच्या ओळींमध्ये कापड बारीक लाटांप्रमाणे उठते. ‘मऊ’ या एका शब्दाखाली या सर्व वस्तू घालणे म्हणजे लोखंड आणि मेण यांना एकच मानण्यासारखे आहे.

येथे भाषेचाही एक बारकावा ध्यानी ठेवावा. या भागातील मुले घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलतात. हिंदीतला तकिया डोक्याखाली घ्यावयाचा. मराठीतला तक्क्या पाठीशी. लोड लांबट व गोल, गिर्दी वाटोळी व बसकी. शिक्षकाने ‘तकिया बनाओ’ असे सांगावे आणि मुलाने बैठकीतला तक्क्या घडवावा, असे होऊ नये म्हणून प्रत्यक्ष वस्तूच समोर ठेवलेली बरी.

चुण्या कोठून येतात

या ठिकाणी थोडे गणित उपयोगी पडते. १०० सेंटिमीटर व्यासाच्या कापडाच्या दोन चकत्या काठावर एकत्र शिवल्या आणि आत हवा भरून त्या पूर्ण फुगविल्या, तर तयार होणाऱ्या फुग्याचा व्यास १०० सेंटिमीटर राहत नाही. कापड ताणले जात नाही असे धरल्यास तो सुमारे ७६ सेंटिमीटर होतो, आणि जाडी सुमारे ४६ सेंटिमीटर येते. कापड वर उचलले गेले, म्हणून रुंदी आत ओढली गेली. आता शिवणीचा विचार करावा. सपाट असताना तिचा घेर ३१४ सेंटिमीटर होता. फुगल्यावर तिला सुमारे २४० सेंटिमीटरच्या वर्तुळात मावावयाचे आहे. उरलेले ७४ सेंटिमीटर कापड जाणार कोठे? ते शिवणीजवळ चुण्या होऊन बसते. म्हणूनच गिर्दीच्या चुण्या नेहमी शिवणीला काटकोनात निघतात, काठाशी दाट असतात आणि मध्याकडे जाता जाता विरून जातात.

चौकोनी उशीतही हाच न्याय लागू पडतो. तिच्या चारही बाजू मध्यभागी आत वळतात आणि कोपरे कानांसारखे बाहेर राहतात. कोपऱ्यात कापूस नीट पोचत नाही. तेथे कापड रिकामे, चपटे आणि थोडे दुमडलेले असते. घरातील कोणतीही उशी हातात घेऊन पाहावी, खात्री पटेल. कापसाची उशी हवेच्या फुग्याइतकी तट्ट भरीत नाहीत, त्यामुळे आकुंचन कमी असते; परंतु दिशा तीच. एवढी एक गोष्ट ज्याला उमगली, त्याचे निम्मे काम झाले असे म्हणावयास हरकत नाही.

पडद्यावरील कृती

कामाचा आरंभ संगणकापासून करूच नये. एक खरी उशी खिडकीजवळ ठेवावी, म्हणजे प्रकाश एका बाजूने तिरपा पडेल. समोरून पडणाऱ्या प्रकाशात सुरकुत्या बुजतात. तिरप्या प्रकाशात त्या उठून दिसतात. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. लांबी, रुंदी, मधली जाडी व कोपऱ्याची जाडी मोजून वहीत टिपावी, उशीचे वजनही करावे. शिवण कोठून जाते, कापूस भरण्याचे तोंड कोणत्या बाजूला मिटले आहे, हेही पाहावे. त्या बाजूची शिवण हातटाक्याची, म्हणून किंचित वाकडी असते. असे तपशील चित्रात जीव ओततात.

तद्नंतर पडद्यावर दोन सपाट चौकोन एकमेकांवर ठेवून कडेने जोडावेत. माप खरे द्यावे, म्हणजे अर्धा मीटरची उशी अर्धा मीटरचीच असावी. मापात चूक झाली तर संगणक त्या कापडाला हातरुमाल तरी समजतो किंवा जहाजाचे शीड तरी. या चौकोनांना ‘क्लॉथ’, म्हणजे कापडाचा गुणधर्म लावावा. ब्लेंडरमध्ये २०२० पासून अशा बंद कापडाच्या आत दाब भरण्याची सोय आहे. तो दाब हळूहळू वाढवीत गेल्यास कोपरे बाहेर राहून बाजू आत वळताना दिसतात. आधी सांगितलेले गणित येथे डोळ्यांदेखत घडते, आणि वर्गात ते पाहताना मुलांच्या मुद्रा पाहण्यासारख्या होतील. खाली जमिनीसाठी एक कठीण पृष्ठ ठेवावे, वरून डोक्याएवढा गोळा सोडावा आणि खळगा पडला की हालचाल थांबवून तो आकार कायम करावा.

येथवरचे काम यंत्राचे. पण यंत्राने दिलेली उशी जरा अधिकच शहाणी असते. ती वापरलेली वाटत नाही. आता हाताचे काम सुरू होते, आणि त्यासाठी शिल्पनाच्या कुंचल्यांचा उपयोग करावा. पडद्यावर त्यांची नावे इंग्रजीत असली तरी कामे ओळखीचीच आहेत. ‘ग्रॅब’ने आकार मुठीत धरल्यासारखा ओढता येतो, कोपऱ्याचा कान खाली पाडावयाचा तो याने. ‘इन्फ्लेट’ने कापसाचा गोळा वर आणावा. ‘क्रीज’ने शिवणीची घळ पाडावी. ‘पिंच’ने चुणीची धार धरावी. ‘स्मूद’ने अति झालेले निवळावे. ‘क्लॉथ’ नावाचा कुंचलाही २०२० साली आला; तो फिरविला की आकार खऱ्या कापडासारखा गोळा होतो. तो हाती आल्यावर विद्यार्थी जिकडेतिकडे सुरकुत्या पाडीत सुटतात. त्यांना आवर घालणे हे शिक्षकाचे काम आहे. चुणी काढण्यापूर्वी ‘हिला कोण ओढीत आहे?’ हा प्रश्न विचारावयास लावावा. उत्तर नसेल तर ती चुणी पुसावी.

शिल्पन करताना डावी बाजू घडविली की उजवी आपोआप तशीच घडावी, अशी आरशासारखी सोयही सॉफ्टवेअरमध्ये आहे. चेहरा घडविताना ती उपयोगी. उशीच्या बाबतीत मात्र ढोबळ आकार झाला की ती बंद करावी. दोन्ही बाजूंच्या सुरकुत्या तंतोतंत सारख्या असलेली उशी जगात कोणी पाहिलेली नाही, आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही ते खटकते.

शाळांतील जुन्या संगणकांच्या दृष्टीने एक सूचना आवश्यक आहे. बारकावे आणण्यासाठी पृष्ठभागाचे तुकडे करीत जावे लागते आणि प्रत्येक पायरीला तुकडे चौपट होतात. ५०० तुकड्यांची उशी पाचव्या पायरीवर ५ लाख १२ हजारांची होते, सहाव्या पायरीवर २० लाख ४८ हजारांची, आणि संगणक अडून बसतो. म्हणून मोठे आकार खालच्या पायरीवर पुरते जमल्याशिवाय वरच्या पायरीवर जाऊ नये. अतिसूक्ष्म विणीसाठी तर आकार घडविण्याची गरजच नाही. जेम्स ब्लिन या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ साली दाखवून दिले की पृष्ठभाग प्रत्यक्ष न बदलता, केवळ त्यावरून प्रकाश कोणत्या दिशेने परावर्तित होतो हे बदलले, तरी डोळ्यांना सुरकुत्या दिसतात. त्याच कल्पनेतून पुढे ‘नॉर्मल मॅप’ नावाची चित्रे आली. लाखो तुकड्यांचा बारकावा एका चित्रात साठवून तो साध्या उशीवर चढविता येतो.

शेवटी कापड. खादीचा धागा कमी-अधिक जाडीचा असतो, तो तसाच दाखवावा. मखमल समोरून काळसर आणि वळणाच्या कडेला उजळ दिसते. काठाला मगजी असेल तर ती तारेसारखी सरळ नेऊ नये; चुणी येते तेथे तीही किंचित दबते. खोळीचे कापड पट्ट्यापट्ट्यांचे असेल तर ते पट्टे फुगवट्याबरोबर वळावयास हवेत. सपाट कागदावरील रेघांप्रमाणे ते सरळ धावले, तर आकारावर घेतलेले सारे श्रम वाया जातात.

चित्र आणि वस्तू

या कौशल्याची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. गावातील एखादे कुटुंब लग्नासाठी मोबाईलवर चित्र पाहून गादी मागविते. चित्रातली गादी वीतभर जाड, टपोरी, काठोकाठ भरलेली. घरी येते ती चार बोटे उंचीची. पैसे गेलेले असतात, आणि मुहूर्त थांबत नाही. चित्र खऱ्यासारखे करण्याची विद्या ज्याला अवगत झाली, त्याला ते खऱ्याहून फुगवून दाखविण्याचीही विद्या अवगत होते, हे शिकविणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितले पाहिजे. मोजमाप वहीत टिपून त्याच मापाने चित्र करण्याचा आग्रह वर धरला आहे, तो केवळ कलेसाठी नव्हे.

कायद्याची भूमिकाही येथे स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये वस्तूचे खोटे वर्णन करणारी अथवा तिच्या स्वरूपाविषयी वा प्रमाणाविषयी दिशाभूल करणारी जाहिरात आक्षेपार्ह ठरते. अशा जाहिरातीबद्दल उत्पादकास अथवा तिची भलावण करणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद आहे. फसगत झालेल्या ग्राहकास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. चित्र जपून ठेवावे, आलेल्या वस्तूचे माप पट्टी लावून छायाचित्रासह घ्यावे. तक्रारीत ते कामी येते.

शाळांसाठी सूचना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालावधी सुचविला आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम पाहावे, अशी अपेक्षा आहे. पिंजाऱ्याचे अथवा गादीवाल्याचे दुकान या यादीत घालण्यास काहीच अडचण नाही. एक दिवस तेथे, आणि पुढचे दोन दिवस संगणक कक्षात, असा क्रम ठेवावा. पहिल्या दिवशी मुलांनी स्वतःच्या हाताने कापूस भरावा आणि निदान एक टाका आवळावा. टाका आवळताना बोटाला जो ताण लागतो, तो पडद्यावरील चुणी काढताना आठवतो.

काम पुरे झाल्यावर चित्र त्याच गादीवाल्याला दाखवावे आणि ‘यात कापूस किती भरला असेल?’ एवढेच विचारावे. त्याचा अंदाज वहीतल्या वजनाशी ताडून पाहावा. मोठा फरक पडल्यास कोठे चुकले, हेही तोच बोट ठेवून सांगेल.

भेटीची तारीख ठरविताना मात्र पावसाळा टाळावा. कापूस हवेतला ओलावा धरतो आणि नीट पिंजला जात नाही. दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवसही सोडावेत. त्या वेळी गादीवाल्याला मान वर करावयास सवड नसते. दिवाळीनंतरचे, नव्या कापसाच्या हंगामाचे दिवस सोयीचे ठरतील.